फिल्टर बदलायला येणारे आबा

पत्र्यावर नखाची एक टिचकी, मग क्षणभराची स्तब्धता, आणि मग दुसरी टिचकी, पहिलीपेक्षा हलकी. वैशाखातल्या दुपारी धुळ्याच्या आग्रा रोडवरची रहदारी ओसरते, समोरच्या कडुनिंबाची सावली आक्रसून बुंध्याशी येऊन बसते, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आत आलेल्या उन्हाच्या पट्टीत धूळ संथपणे तरंगत राहते, तेव्हा तो आवाज मला अजूनही ऐकू येतो. मान वर करून पाहावं तर काउंटरपाशी कोणी नसतं. कान मात्र पुढच्या टिचकीची वाट पाहत राहतात. आबा ऑइल फिल्टर निवडायचे ते आधी कानाने. डोळ्यांची पाळी त्यानंतर यायची आणि बोटांची सगळ्यात शेवटी.

आमचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. आजोबा राजस्थानातून खानदेशात आले ते कापड विकायला. वडिलांनी कापड सोडून लोखंड धरलं, आणि माझ्या वाट्याला नट, बोल्ट, बेअरिंग, पॅकिंग आणि फिल्टर आले. काउंटरमागे जन्म काढलेल्या माणसाला गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखता येतं, निदान तशी त्याची समजूत असते. कोण घासाघीस करणार, कोण उगाच सगळे खोके उघडायला लावून हात हलवत परत जाणार, कोण मोडका तुकडा रुमालात बांधून आणून ‘अगदी असाच द्या’ म्हणणार, हे मी चपलांच्या आवाजावरून सांगायचो. आबांच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. ऐंशीच्या दशकातल्या कुठल्याशा हिवाळ्यात ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस फार चिकित्सक आहे. तो फार एकटा आहे, हे कळायला बराच काळ जावा लागला.

उंच देह, खांद्यांशी किंचित वाकलेला, घडाच्या भाराने कललेल्या केळीसारखा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि त्या सगळ्या शुभ्रतेत नखांच्या कडांना केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कुठल्याही साबणाला कधी बधले नाहीत. ते मूळचे रावेरकडचे बागाईतदार. बागा पुतण्याच्या हाती सोपवून जळगावात घर बांधून राहिले होते. घर ऐसपैस, आणि पत्नी गेल्यापासून त्यात ते एकटेच. त्यांची सायीच्या रंगाची अँबॅसिडर दुकानासमोर उभी राहिली आणि दार उघडलं, की पिकल्या केळ्यांचा गोड, जड वास रस्त्यावर उतरायचा आणि पेट्रोलच्या वासात मिसळून जायचा. मागच्या सीटवर केळीच्या पानात गुंडाळलेल्या फण्या, भरिताची हिरवी वांगी, कधी घरच्या डाळीची पिशवी असायची. ते सगळं कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या मागच्या सीटवर काय आहे याची चौकशी करू नये, असा आमच्या धंद्याचा शिष्टाचार आहे.

त्यांच्या गाडीचा फिल्टर जुन्या घडणीचा. इंजिनाच्या कुशीला लांब बोल्टने आवळलेली एक लोखंडी वाटी, आणि त्या वाटीत कागदाच्या चुण्यांचा, मधोमध पोकळ असलेला दंडगोल, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या घातलेला. इंजिनभर फिरून आलेलं तेल त्या चुण्यांतून झिरपायचं, आपलं किटण मागे ठेवायचं आणि निवळून पुन्हा फिरायला निघायचं. वाटी तीच राहते, आतला दंडगोल तेवढा बदलायचा. इतर गिऱ्हाईक ‘फिल्टर द्या’ म्हणायचं, मी द्यायचो, विषय संपायचा. आबा मात्र सगळे खोके खाली काढायला लावायचे. काउंटरवर फिल्टरांची रांग उभी करून एकेकाच्या टोपीवर टिचकी मारायचे, कान तिरपा करून ऐकायचे; आवाज भरीव आला तर आतला डिंक नीट धरलेला, पोकळ आला तर कुठेतरी टोपी सुटलेली. मग तो दंडगोल उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पोकळीतून पाहायचे. चुण्या सारख्या अंतरावर आहेत का, एखादी दुसरीला बिलगून बसली आहे का, कागदाला सुईच्या अग्राएवढं छिद्र तर नाही ना. त्या वेळी चुण्यांमधून पाझरलेला पिवळसर प्रकाश त्यांच्या गालावर बारीक रेघांनी उमटायचा, आणि तो करारी चेहरा क्षणभर फार कोवळा दिसायचा. शेवटी रबरी कड्याची परीक्षा. त्यात नख रुतवायचे आणि वाट पाहायचे. खूण लगेच बुजली तर रबर जिवंत. तशीच राहिली तर ते गोदामात पडून सुकलेलं. लेकीसाठी स्थळ पाहणारा बाप करील तेवढी चौकशी ते एका फिल्टरची करायचे, आणि मी तसं एकदा बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "करा लागते शेठ. एकदा आत बसवला का मंग बाहेरून काही दिसत नाही."

बसवायचं काम भिका मिस्तरीचं. दुकानाच्या ओट्याला लागून त्याची जागा, डोक्यावर ताडपत्री, पाठीशी हत्यारांची पेटी. गाडीखाली आडवं पडून तो बोल्ट सैल करायचा, वाटी उतरवायचा, जुनं तेल घमेल्यात धरायचा, आणि मग त्याचा कपाळावर हात जायचा. आतला फिल्टर बहुतेक वेळा कोरा करकरीत असायचा. चुण्यांच्या तळाशी काजळीची पुसट सावली, बस्स.

"आबा, हाऊ फिल्टर ते नवाच शे," भिका एकदा न राहवून म्हणाला. "काबर बदलतस?"

आबा वाटीत डोकावत होते. भिकाने बोलता बोलता त्यांना वाटीच्या वरच्या बाजूला बसवलेली एक बारीक गोळी दाखवली, स्प्रिंगवर तोललेली. फिल्टर कधी गच्च झालाच, तर तेलाच्या जोराने ही गोळी सरकते आणि तेल फिल्टरला वळसा घालून आडवाटेने इंजिनात जातं. "मयलं तेल जास, पन इंजिन कोरडं ऱ्हात नही," तो म्हणाला. आबांनी ती गोळी अंगठ्याने दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. मैला तर मैला, पण ओलावा पोचला पाहिजे, ही कोणा अनोळखी कारागिराने करून ठेवलेली सोय त्यांना फार आवडली असावी. त्यानंतर प्रत्येक वेळी वाटी उतरली, की ते ती गोळी एकदा दाबून बघायचे.

फिल्टर कधी बदलावा, याचा हिशेब खरं म्हणजे साधा आहे. गाडी किती फिरली ते बघावं, तेल किती काळवंडलं ते बघावं, आणि गाडी नुसती उभीच असेल तर वर्षाकाठी एकदा बदलून मोकळं व्हावं. आबांचं पंचांग निराळं होतं. कार्तिकात ते यायचे, कारण कापूस जिनिंगमध्ये पडायला लागला की हवेत तंतू उडतात आणि ते इंजिनात जातात. पौषात यायचे, कारण थंडीत तेल आळतं आणि कागदावर ताण येतो. फाल्गुनात वावटळी, वैशाखात फुफाटा, आषाढात दमट हवा. प्रत्येक ऋतूने जणू त्यांच्या फिल्टरशी खास वैर धरलं होतं. मी काही बोलायच्या आधीच ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायचे, रुमालाला पुसून पुन्हा बुडवायचे, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून उन्हाकडे धरायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "काळं पडलं." तेल मधासारखं असायचं. मी मान डोलवायचो. क्वचित धीर करून सांगायचो, की आबा, अजून बरेच दिवस चालेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "उभ्या गाडीतलं तेलबी नासते, शेठ." ते खोटं नव्हतं. बंद गाडीत दमटपणा शिरतो, तेल हळूहळू दुधाळ होत जातं, आणि हे बाहेर कोणाला कळतही नाही. ते गाडीबद्दलच बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे मात्र मला त्यांच्या आवाजावरून कधी ठरवता आलं नाही.

शिवाय जळगावात अशी दुकानं काय कमी होती? तिथल्या एका गल्लीत मिळावेत तेवढे फिल्टर आमच्या अख्ख्या धुळ्यात नसतील. एरंडोल, पारोळा करत इतका रस्ता तुडवत ते इकडे का येतात, हे कोडं मला पडलं होतं. फिल्टर घ्यायला येण्या-जाण्यातच तुमचा फिल्टर झिजतो, अशी मी थट्टा करायचो.

कोडं सोडवलं ते आमच्या माठाने. दुकानात कोपऱ्यात तिवईवर लाल मातीचा माठ, त्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं बांधलेलं, कारण आम्ही जैन, न गाळलेलं पाणी आमच्या घरात पीत नाहीत. आबांनी ते फडकं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. "तुमीबी फिल्टर लावता व्हय माठाले?" असं म्हणून ते मनापासून हसले होते, मी त्यांना तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. भिका गाडीखाली शिरला की ते मागच्या सीटवरच्या पिशव्या उचलायचे आणि ‘आलोच’ म्हणून मागच्या गल्लीत जायचे. परत यायचे तेव्हा हात रिकामे, चेहरा विझलेला, आणि आल्या आल्या माठाकडे वळायचे. ग्लास तोंडाला न लावता, मान मागे टाकून, घटाघटा पाणी प्यायचे. गळ्याची घाटी वर-खाली व्हायची, आणि थेंब सदऱ्यावर पडायचे तरी त्यांना भान नसायचं. ऊन असेल तर ते साहजिक होतं. पण पौषातल्या गारठ्यातही ते तसेच पाणी प्यायचे. तेव्हा मी भिकाला विचारलं आणि मला जे माहीत नव्हतं ते सगळ्या गल्लीला माहीत असल्याचं कळलं.

मागच्या गल्लीत त्यांची लेक राहायची, विमल. एकुलती एक. जावई शाळेत शिक्षक, सरळ माणूस. घरात कशाची वाण नव्हती, फक्त पाळणा हलला नव्हता. आणि आबा त्या जुन्या रिवाजाचे, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. तोवर बहुतेकांनी तो रिवाज गुंडाळून ठेवला होता. जावई दर वेळी हात जोडून म्हणायचे, आबा, हे आता कोण पाळतं? आबा पाळायचे. विनाकारण लेकीच्या दारी जाणं त्यांना बरं दिसायचं नाही, म्हणून फिल्टरचं कारण. आणि तिच्या दारी गेलं तरी उंबऱ्याजवळच्या खुर्चीत घटकाभर बसायचं, केळी-वांगी द्यायची, तिच्या हातचा घोटही न घेता उठायचं. माझ्या लक्षात आलं, की फिल्टर तेल किती काळं झालं यावर बदलला जात नव्हता. जळगावच्या त्या ऐसपैस घरातली शांतता सोसवेनाशी झाली, की तो बदलायची वेळ व्हायची.

विमलताईंना मी प्रथम पाहिलं ते आबांनी विसरलेली छत्री द्यायला आल्या तेव्हा. ठेंगणा बांधा, बापाचंच करारी कपाळ, आणि बोलताना पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहायची सवय. पुढे त्या अधूनमधून दुकानाशी थांबू लागल्या. आबांची गाडी वळणाआड होईपर्यंत पायरीवर उभ्या राहायच्या. गाडी गेल्यावर रस्त्यावर तेलाचा एखादा थेंब उरायचा आणि हवेत केळ्यांचा वास. एकदा त्याच वासात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, ते मला इतकं आणून देतात. मला त्यांना काहीच देता येत नाही. पाणीसुद्धा नाही." मी खोके लावत बसलो. मला त्या दिवशी आबांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली. कारण तोवर मला हेही उमगलं होतं, की आबांचं न पिणं हा हट्ट नव्हता. पाणी पिणं म्हणजे आता मूल होणार नाही हे कबूल करणं. जोवर ते तहानलेले परत जात होते, तोवर लेकीची आशा त्यांच्या बाजूने शाबूत होती. आणि लेकीला मात्र त्यांचा तो कोरडा घसा दर खेपेला हेच सांगत होता, की अजून काही झालेलं नाही.

वर्षं गेली. विमलताईंनी उपास केले, नवस केले, डॉक्टर केले, आणि मग एकेक करून सगळं सोडलं. आबांच्या टोपीखालचे केस पिकले, चालताना त्यांचा हात दुकानाच्या खांबाला टेकू लागला. फिल्टर उन्हाकडे धरला की तो थरथरायचा आणि गालावरच्या त्या उजेडाच्या रेघाही थरथरायच्या.

मग तो वैशाख आला. नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. शेजारच्या हॉटेलने चहा बंद करून फक्त फरसाण चालू ठेवलं होतं. आबांची गाडी आली तीच वाफ सोडत. भिकाने इंजिन निवू दिलं, आणि मग कोणाला न विचारता आमचा माठ उचलून शेवटच्या थेंबापर्यंत रेडिएटरमध्ये रिता केला. त्याच्या दृष्टीने ते रास्तच होतं. आबांची गाडी, आणि आबा पितात तोच माठ. रिकामा माठ तिवईवर पालथा घालून तो फिल्टरच्या कामाला लागला, आणि आबा पिशव्या घेऊन मागच्या गल्लीत गेले.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. बाकावर बसले, माठाकडे पाहिलं आणि तो पालथा असल्याचं दिसताच नजर रस्त्याकडे वळवली. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी भिकाला हंडा देऊन हातपंपाकडे पिटाळलं, पण तिथली रांग मला माहीत होती. तेवढ्यात विमलताई आल्या. आबा चष्मा तिथेच विसरून आले होते. त्यांनी बापाकडे पाहिलं, पालथ्या माठाकडे पाहिलं, चष्मा काउंटरवर ठेवला आणि मागे फिरल्या. काही वेळातच त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पितळी तांब्या होता, आणि घाईने चालल्यामुळे पाणी हिंदकळून त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

तांब्या त्यांनी आबांसमोर बाकावर ठेवला. "आबा, हे घर नाही, दुकान हाये. अठी तं प्या."

आबांनी तांब्याकडे पाहिलं. आतलं पाणी अजून हलत होतं आणि त्यात पडलेला उन्हाचा तुकडा दुकानाच्या छतावर थरथरत होता. "पानी तं तुह्याच घरचं हाये ना, इमल," ते हळूच म्हणाले.

"मंग? आजून किती वर्सं थांबसान?" विमलताईंचा आवाज चढला नव्हता. पदराचं टोक बोटाभोवती करकचून आवळलं होतं. "माह्ये केस पिकाले लागले. आता काही व्हनार नाही, आबा. मी मानलं. तुमीबी माना."

भिकाने ओट्याशी अर्धवट सोडलेल्या कामातून, त्या मोकळ्या वाटीतून तेल घमेल्यात ठिबकत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठलो तर बाकासमोरूनच जावं लागलं असतं. आबा मान खाली घालून तळहातावरच्या रेषा पाहत होते. मी त्यांना पाण्याच्या इतक्या जवळ आणि इतकं दूर कधी पाहिलं नव्हतं.

"व्हनार नाही, आसं मी कसं म्हनू?" ते अखेर बोलले. "मी बाप हाये."

आणि मग, अगदी सावकाश, तो उंच वाकलेला देह माझ्याकडे वळला. "शेठ, माठ सरका करा. हे पानी तुमच्या माठात गाळा."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. विमलताईंना तो लगेच लागला. मी माठ सुलटा केला, फडकं ताणून बांधलं, आणि त्यांनी स्वतःच तांब्या उचलून धार धरली. पाणी फडक्यावर क्षणभर थबकलं, खळगा करून साचलं आणि मग आत कोरड्या तळावर पडत गेलं. आवाज आधी पोकळ, मग हळूहळू भरीव. आबा कान तिरपा करून ऐकत होते. तांब्या रिता झाला तेव्हा ते पाणी कोणाच्या घरचं उरलं नव्हतं. दुकानाच्या माठातलं झालं होतं, वाटसरूने प्यावं तसं. मी ग्लास भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, मान मागे टाकली नाही, घाई केली नाही, एकेक घोट थांबून थांबून घेतला. लेक समोर उभी राहून पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानातही नव्हतं. भिका हंडा घेऊन परतला तो पायरीशीच थांबला.

त्या दिवसापासून नवाच शिरस्ता पडला. गाडीचा आवाज आला की विमलताई तांब्या घेऊन यायच्या, माठात पाणी गाळायच्या, आणि तेवढा वेळ आबा रस्त्याकडे तोंड करून, जणू आपल्याला काहीच दिसत नाही असे बसून राहायचे. मग मी ग्लास भरायचो. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. आशाही मोडली नव्हती आणि तहानही भागत होती. आबांची नजर आणखी अधू झाल्यावर फिल्टर उजेडाकडे धरायचं काम लेकीकडे गेलं. "चुन्या सारख्या हायेत का?" ते विचारायचे. "हायेत, आबा," त्या सांगायच्या, आणि तो उजेड आता त्यांच्या गालावर उतरायचा. दरम्यान गाड्या बदलल्या, नव्या तऱ्हेचे बंद डब्यांचे फिल्टर आले, फिरवून काढायचे आणि फेकून द्यायचे. आबांनी एक हातात घेऊन परत ठेवला. आत काय आहे ते दिसतच नाही म्हणाले. त्यांच्यापुरते जुन्या घडणीचे फिल्टर मी मागवत राहिलो, दुसरं कोणी विचारत नव्हतं तरी.

आबा थंडीत गेले, जळगावच्या घरात, झोपेत. गाडी पुतण्याने गावी नेली. दुकानात त्यांच्यासाठी आणलेला एक फिल्टर फळीवर तसाच राहिला.

त्यानंतरची पहिली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात अखजी म्हणजे सासुरवाशिणींना माहेर आणि गेलेल्यांना पाणी. नवी मातीची घागर भरून, तिच्यावर आंबा आणि खरबूज ठेवून, गेलेल्याच्या नावाने पुजली की त्याची तहान भागते, असं मानतात. आबांची घागर रावेरकडे पुतण्या भरणार होता. लेकीला तो मान नाही, आणि माहेर तर उरलंच नव्हतं. सणाची सुट्टी म्हणून मी शटर अर्धं ओढून आत आवराआवर करत होतो. उन्हाच्या पट्टीत दोन पावलं येऊन थांबली. विमलताई होत्या, हातात तोच तांब्या.

"भाऊ, माठ रिकामा आहे का?"

माठ काठोकाठ भरलेला होता. "आहे," मी म्हणालो. तो उचलून मागच्या दारी नेला, कडुनिंबाच्या रोपाच्या आळ्यात रिता केला आणि परत तिवईवर आणून ठेवला. आमच्यात घागर भरत नाहीत. तरी मी चपला काढल्या. त्यांनी फडक्यावर धार धरली; आवाज पोकळ होता तो भरीव होत गेला. मग त्यांनी ग्लास भरला आणि बाकावर, आबा बसायचे त्या जागेशी ठेवला. बराच वेळ त्या पायरीवर उभ्या राहून, गाडी वळायची त्या वळणाकडे पाहत होत्या. जाताना नुसती मान हलवली.

संध्याकाळी ग्लास उचलायला गेलो तर पाणी बोटभर खाली गेलं होतं. वैशाखातलं ऊन पाणी पितं, हे मला ठाऊक आहे. तरी मी तो ग्लास उचलला नाही. आता दर अखजीला त्या यायच्या आधीच मी माठ रिता करून ठेवतो, आणि शटर अर्धं वर ठेवून बसतो. माणूस जातो, त्याची तहान मात्र मागे राहते. आणि ज्यांनी त्याला कधी पाणी दिलं, त्यांच्या उरलेल्या दिवसांत ती वर्षानुवर्षं सावकाश झिरपत राहते.